ओट्यावर पोचलेलं वायफाय

प्रश्न : दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात आम्ही राहतो. खाली मी आणि हे, माडीवर विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुली पेइंग गेस्ट. फायबर घेतलं तेव्हा जोडायला आलेल्या मुलाने पासवर्ड म्हणून ह्यांचा मोबाइल नंबरच टाकला, लक्षात राहील म्हणून. राउटर रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीच्या वर आहे. मुलींना पासवर्ड दिला. मग एकदा शेजारच्या बेनचं नेट बंद पडलं, त्यांनी मागितला, त्यांनाही दिला. आता त्यांच्या मुलाचे मित्र संध्याकाळी आमच्या ओट्यावर फोन घेऊन बसलेले असतात, आणि रात्री नातीशी व्हिडिओ कॉल लावला की चित्र अडकतं. पुण्याचा मुलगा म्हणतो, वायफायचं नाव लपवून टाक, म्हणजे कुणाला दिसणारच नाही. ह्यांना वेगळीच काळजी, आपलं बँकेचं कुणी बघत असेल का? आणि मला प्रश्न पडलाय की इतक्या वर्षांच्या शेजाराला आता नाही कसं म्हणायचं?
– मा. ज., वडोदरा

उत्तर :

ताई, ओट्यावरच्या पोरांना उठवायला जाऊ नका. पासवर्ड बदला, ती आपली आपण उठतील.

पण आधी चिरंजीवांच्या सल्ल्याचं बघू. हा सल्ला जो तो देतो आणि त्याचा उपयोग जवळपास शून्य आहे. नाव लपवलं म्हणजे राउटर स्वतःचं नाव पुकारायचं थांबवतो, एवढंच. लहरी चालूच राहतात. शिवाय तुमचा फोन त्या लपवलेल्या राउटरला शोधताना स्वतःच त्याचं नाव घेतो, आणि फुकट मिळणारी सॉफ्टवेअर ते नाव सहज टिपतात. म्हणजे घरी राउटर गप्प, आणि तुमचा फोन मंगळबाजारात, स्टेशनवर, जाईल तिथे तेच नाव घेत फिरणार. त्यातून ज्यांना घालवायचंय त्या पोरांना नावही ठाऊक आहे आणि पासवर्डही. हाताने नाव टाकून परत जोडून घ्यायला त्यांना मिनिटभर लागेल. दुसरा असाच सल्ला म्हणजे प्रत्येक फोनच्या मॅक पत्त्याची, म्हणजे वायफायवर फोन ज्या क्रमांकाने ओळखला जातो त्याची, यादी करायची आणि तेवढेच आत घ्यायचे. हल्लीचे फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक पत्ता दाखवतात, त्यामुळे यादी सांभाळता सांभाळता तुम्हीच बाहेर राहाल. ज्याला शिरायचंच आहे त्याला मॅक पत्ता हवेतून वाचून नक्कल करता येतो. दोन्ही उद्योग सोडून द्या.

मूळ दुखणं मोबाइल नंबरात आहे. जोडणी करणाऱ्या मुलांना पुढच्या घरी जायची घाई असते, दहा आकडी नंबर तयार असतो, घरच्यांनाही बरं वाटतं. ही रीत इतकी रुळलेली आहे की कुणाचं वायफाय हवं असेल तर पोरं आधी त्या घरातल्या माणसाचा नंबरच टाकून बघतात. ह्यांचा नंबर दूधवाल्याकडे असेल, गणेश मंडळाच्या वर्गणीच्या वहीत असेल, कदाचित दारावरच्या पाटीखालीही असेल.

समजा, नंबर कुणालाच माहीत नाही. तरीही तो टिकत नाही, आणि का टिकत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. फोन वायफायला जोडताना फोन आणि राउटर यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. पासवर्ड त्यात उघडा जात नाही, पण त्यावरून काढलेली एक खूण जाते. रस्त्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस ते निरोप टिपून घरी नेऊ शकतो. मग राउटरला पत्ताही न लागू देता तो आपल्या कॉम्प्युटरवर एकेक पासवर्ड लावून बघतो, खूण जुळते का ते. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त ४०० कोटी. ऐकायला आकडा मोठा, पण गेम खेळायच्या तगड्या ग्राफिक्स कार्डाला एवढं काम काही तासांचं. जन्मतारीख तर त्याच्यापुढे काहीच नाही. शंभर वर्षांतल्या सगळ्या तारखा मिळून साडेछत्तीस हजार होतात.

म्हणून पासवर्ड लांब हवा. वायफायचा पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत चालतो, आणि आपण आठावरच थांबतो. चिन्हांची कसरत करण्यापेक्षा एकमेकांशी काही नातं नसलेले पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. तपेली, जकात, भोवरा, पंचांग, सायकल अशा धर्तीवर. हे पाच मात्र घेऊ नका, ते आता छापून आले. स्तोत्राची ओळ, म्हण, नातीचं नाव आणि साल, हेही नको, कारण अंदाज करणारा तिथूनच सुरुवात करतो. आणि लक्षात कसा राहणार ही चिंता करू नका. वहीत लिहा, वही कपाटात ठेवा. रस्त्यावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला तुमच्या कपाटातली वही दिसत नाही. बैठकीच्या भिंतीवर चिकटवू नका म्हणजे झालं.

बदलायचा कसा? राउटर उलटा करून बघा. खाली एक चिकटपट्टी असते, तिच्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता आणि शेजारी युजरनेम, पासवर्ड असतो. घरचं वायफाय जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की राउटरचं पान उघडतं. काही कंपन्या स्वतःच्या अॅपमधून हे काम करू देतात, काहींच्या डब्यात काही गोष्टी कुलूपबंद असतात. तसं असेल तर कस्टमर केअरला फोन करून ‘मला वायफायचा आणि राउटरच्या लॉगिनचा, दोन्ही पासवर्ड बदलायचे आहेत’ असं स्पष्ट सांगा. दोन्ही म्हणा, नाहीतर ते एकच बदलून मोकळे होतील. माडीवरच्या मुलींना हाक मारली तर चहा होईपर्यंत काम होईल, फक्त त्यांच्या परीक्षा किंवा फॉर्म भरायचे दिवस टाळा.

एक सांभाळा. राउटरच्या मागे टाचणी घालून दाबायचं बारीक भोक असतं. कुणीतरी हमखास म्हणेल, ते दाबा, सगळं नवं होतं. नवं होतं हे खरं, पण कंपनीने भरलेलं तुमच्या जोडणीचं युजरनेमही पुसलं जाऊ शकतं, आणि मग माणूस येईपर्यंत नेट बंद. ते भोक शेवटचा उपाय म्हणून राहू द्या.

त्या पानावर वायरलेसच्या सिक्युरिटीत काय निवडलंय तेही बघा. डब्ल्यूईपी असं दिसलं तर राउटर फारच जुना समजा; ती १९९७ ची पद्धत २००१ मध्येच फोडली गेली. २००४ पासूनची डब्ल्यूपीए-२ लांब पासवर्ड असेल तर आजही घरासाठी पुरेशी आहे. २०१८ ची डब्ल्यूपीए-३ त्याहून चांगली, कारण तिच्यात निरोप टिपून घरी नेऊन अंदाज करत बसायची सोयच काढून टाकली आहे. पण गच्चीवर सोलर बसवलं असेल, आणि गुजरातेत आता ते कितीतरी घरांवर आहे, तर नुसतं डब्ल्यूपीए-३ निवडू नका. इन्व्हर्टरला लावलेली वायफायची कांडी बहुधा जुन्या पद्धतीची असते, ती तुटेल आणि आज किती युनिट झाली हे अॅपवर दिसायचं बंद होईल. दोन्ही पद्धती चालतील असा मिश्र पर्याय असतो, तो घ्या. ही कांडी बऱ्याचदा वायफायच्या लहरींच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर चालते, तेव्हा तो पट्टाही बंद करू नका.

तिथेच डब्ल्यूपीएस नावाची सोय असते, ती बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडायची ती युक्ती आहे. २०११ मध्ये लक्षात आलं की राउटर ही पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिला अर्धा बरोबर आला की तसं कळू देतो. शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे कोट्यवधींच्या जागी फार तर ११,००० प्रयत्नांत काम होतं. पुढच्या दाराला भक्कम कुलूप घालून मागची कडी उघडी ठेवावी, तसा हा प्रकार.

आता ह्यांच्या बँकेबद्दल. ओट्यावर बसलेल्या पोराला तुमचं यूपीआय किंवा खात्यातली शिल्लक दिसत नाही. बँकेचं अॅप आणि बँक यांच्यामधला मजकूर फोनमधून निघतानाच सांकेतिक होतो, वायफाय कुणाचंही असो. व्हॉट्सअॅपचे निरोपही २०१६ पासून तसेच जातात. तेव्हा ह्यांना निवांत झोपायला सांगा, पण एक गोष्ट करूनच. राउटरच्या पानावर शिरायचा पासवर्ड अजून ‘अॅडमिन’ असेल तर तो आजच बदला. कारण तुम्ही बँकेचं नाव टाकता तेव्हा त्या नावाचा आकडी पत्ता कुठून विचारायचा हे राउटर ठरवतो. ते ठिकाण कुणी बदललं तर नाव बँकेचं आणि पान भामट्याचं, असं होऊ शकतं. अशा वेळी ब्राउझर सहसा ‘हे पान सुरक्षित नाही’ असा लाल इशारा देतो. तो आला की ‘तरीही पुढे जा’ दाबायचं नाही, कितीही घाई असली तरी.

कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदलण्याचा परिणाम जगाने २०१६ मध्ये बघितला. मिराय नावाच्या व्हायरसजवळ साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, ‘अॅडमिन-अॅडमिन’ छापाची. तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्याच ऑक्टोबरात त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. ज्यांच्या घरात ते कॅमेरे होते त्यांना पत्ताही नव्हता. तुमच्या दारावर कॅमेरा असेल तर त्याचा पासवर्डही याच दिवशी बदला. राउटरच्या पानावर ‘रिमोट मॅनेजमेंट’ (घराबाहेरून राउटरचं पान उघडायची सोय) चालू असेल तर बंद करा, आणि ‘फर्मवेअर अपडेट’ (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची सुधारणा) आलेलं दिसलं तर करून घ्या.

मग ओट्यावरच्या पोरांचा धोका काय? त्यांचा स्वतःचा फारसा नाहीच. ती रील्स बघतात, गेम खेळतात. पण पासवर्ड त्यांच्यापाशी थांबत नाही. अँड्रॉइडच्या फोनवर वायफायचा क्यूआर कोड काढता येतो, खाली पासवर्ड वाचता येईल असा लिहिलेला असतो. एकाने दाखवला की दुसऱ्याने टिपला, दुसऱ्याच्या चुलतभावाने टिपला. तुमचं नेट आज कोण वापरतंय हे त्या पोरांनाही सांगता येणार नाही. आणि त्यावरून जे काही होईल त्याची नोंद कंपनीकडे तुमच्या जोडणीवर पडणार.

तुम्ही गुजरातेत राहता, तुम्हाला २६ जुलै २००८ वेगळं सांगायला नको. अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला. त्याच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळणाऱ्या आकडी पत्त्यावरून, तपास पोचला तो नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थांचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. त्यांचं वायफाय दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. पण पोलीस आधी त्यांच्याच दारात आले आणि चौकशीला सामोरं जावं लागलं ते त्यांनाच. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांची वायफाय सुरक्षित करून घ्यायला सांगितलं, ते अशा प्रकारांनंतरच. हे घाबरवायला सांगत नाही. उद्या बेनना कारण सांगायची वेळ आलीच तर तुमच्या मनाशी ते पक्कं असावं, म्हणून सांगतोय.

तर आता बेन. माझं मत असं की खोटं कारण देऊ नये. ‘कंपनीवाल्यांनी बदलला’ म्हणालात तर पुढचं वाक्य ठरलेलं आहे, ‘तो नवो आपो ने!’ मग तुम्ही आणखी अडचणीत. ‘राउटर बिघडलाय’ म्हणालात तर चार दिवसांनी तुमच्या घरातून टीव्हीवरच्या मालिकेचा आवाज येणारच. त्यापेक्षा सरळ, हसत आणि त्यांच्याच भाषेत सांगा : ‘बेन, नेट बहु धीमुं चाले छे, एटले पासवर्ड बदल्यो छे. तमारे काम होय तो आवीने बेसो, हुं जोडी आपीश.’ यात नकार पासवर्डला आहे, बेनना नाही. एवढ्या वर्षांचा शेजार असं वाक्य ऐकून तुटत नाही. तुटलाच तर तो वायफायवरच टिकलेला होता म्हणायचा, आणि तसं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. मात्र हे तुम्ही आधी सांगा, पासवर्ड बदलायच्या दिवशी सकाळी. संध्याकाळी मुलाचं नेट तुटल्यावर बेन विचारायला आल्या आणि मग तुम्ही सांगायला लागलात, तर तेच वाक्य कुरबुरीसारखं ऐकू येतं. पोरांना वेगळं काही सांगायची गरज नाही. ओट्यावर बसू दे त्यांना, ओटा बसण्यासाठीच असतो.

‘आवीने बेसो’ म्हणालात तर जोडून द्यायची सोय हवी, आणि मुलींचाही प्रश्न आहेच. दोन्हींवर उत्तर एकच, गेस्ट नेटवर्क. बहुतेक राउटरमध्ये ते असतं. एकाच डब्यातून दुसऱ्या नावाचं वायफाय निघतं, त्याचा पासवर्ड वेगळा, आणि त्यावरच्या फोनना सहसा तुमचा प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा दिसत नाही. काहींत वेगाची मर्यादाही घालता येते. घरच्या नेटवर्कवर फक्त तुम्ही दोघं, टीव्ही, सोलर आणि कॅमेरा. मुली गेस्टवर, पाहुणे गेस्टवर, बेन एखाद्या दुपारी येऊन बसल्या तर त्याही गेस्टवर. या दोन नावांत आडनाव, वाड्याचं नाव, मजला असलं काही घालू नका. रस्त्यावरून जाणाऱ्याला कोणतं वायफाय कोणाचं हे कळायचं कारण नाही. गेस्टवरून बाहेर जाणारंही तुमच्याच नावावर जातं, तेव्हा तो पासवर्डही ओळखीच्या माणसांपुरताच ठेवा.

हे सगळं करूनही नातीचं चित्र अडकलं तर पोरांना दोष देऊ नका, राउटरची जागा बघा. रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीच्या वर, म्हणजे सगळ्यात चांगला सिग्नल ओट्याला, आणि तुमच्यापर्यंत येईतो जुन्या वाड्याच्या दीड-दोन फुटी विटांच्या भिंती. फायबरची तार थोडी लांबवून राउटर मधल्या खोलीत, उघड्यावर, डोक्याइतक्या उंचीला लावून घ्या. स्वयंपाकघरातल्या फडताळात डब्यांच्या मागे नको. तार स्वतः ओढू नका, फायबर वाकवलं की आतली काच तुटते. कंपनीच्या माणसाला बोलवा. कॉल करताना राउटरच्या जवळ बसून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय निवडा. ते भिंतींपलीकडे फार जात नाही, पण जवळ वेगवान चालतं.

पासवर्ड बदलल्यावर घरातलं प्रत्येक यंत्र परत जोडावं लागेल, म्हणून आधी कागदावर यादी करा. फोन आणि टीव्ही चटकन होतात. सोलरची कांडी सगळ्यात जास्त त्रास देते. तिचं अॅप ज्याच्या फोनमध्ये आहे तो माणूस त्या दिवशी घरी असावा, आणि नेमकं ते जमेना तर सोलर बसवून देणाऱ्याला फोन करा. वीज बनायची काही थांबत नाही, फक्त आकडे दिसत नाहीत. मुलींचा गेस्ट पासवर्ड दर जूनमध्ये बदलत जा, जुन्या मुली गेल्या आणि नव्या आल्या की.